गुडघ्यांवरचे हात

अक्मरालच्या पत्राला इशेनालीने उत्तर दिले नाही, त्याला दोन वर्षे होऊन गेली होती. पत्र काही हरवले नव्हते. कपाटाच्या खालच्या खणात, ज्ञानकोशाच्या सातव्या खंडात ते घडी घालून ठेवलेले होते. कपाटापाशी गेला की त्याचा हात तेवढा एक खंड टाळून पुढे सरकायचा.

अक्मराल आठ वर्षांची असल्यापासून त्याच्या घराला जोडलेल्या गावच्या ग्रंथालयात येऊन बसायची. चुलीजवळची जागा धरायची आणि अंधार पडेपर्यंत हलायची नाही. पुढे ती बिश्केकला शिकली आणि तिथेच एका सरकारी कचेरीत लागली. ज्या कागदाची घडी घालता येत नाही त्यावर आपल्या म्हाताऱ्या अगायचा, म्हणजे गुरुजींचा, विश्वास नसतो, हे ठाऊक असल्यामुळे तिने हाताने पत्र लिहिले होते. घरबसल्या, फोनवरून, प्रत्येक घराने गावाच्या कारभारात आपले मत द्यावे अशी सोय आमची कचेरी करते आहे, असे तिने कळवले होते. 'इथे बसलेल्यांत गावात राहिलेले कोणी नाही. अगाय, तुम्ही सांगा, आपल्याकडे माणसे नाही कशी म्हणतात?'

त्याने चारदा उत्तर लिहायला घेतले. पहिले फार लांबले. दुसऱ्याला पुस्तकाचा वास येऊ लागला. तिसऱ्यात आपण तिला शिकवतो आहोत असे वाटले, आणि चौथे वाचून त्याची त्यालाच लाज वाटली. इतकी शिकलेली मुलगी, तिला आपण काय सांगणार? मग हिवाळा आला, गाय व्यायला आली होती, लाकडे फोडायची होती. उशीर वाढत गेला तशी उशिराची लाज वाढत गेली.

"चाळीस वर्षं झाली," त्याची बायको बुरुलचा म्हणायची, "माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय. त्या पोरीचा नंबर कधी लागणार?"

यंदा डोंगरावर बर्फ धरलेच नाही. एप्रिलमध्येच माथे काळे पडले. अर्चाबुलाक गावाला एकच पाट. वरच्या घळीत लोखंडी दरवाजा, त्याला चाक, चाकाला कुलूप. कुलपाची किल्ली बावीस वर्षे कुबात पाटकऱ्याच्या गळ्यात सुतळीने लोंबत होती. सहाव्या दिवशी येणारी पाळी आता नवव्या दिवशी येऊ लागली होती. इशेनालीचे शेत पाटाच्या शेपटाला. दीड हेक्टर, सगळा घेवडा. त्या खोऱ्यात सगळेच घेवडा लावतात आणि खात कोणीच नाही. तो पोत्यांत भरून दूरच्या मुलखात जातो. त्याच्यावरच घर चालते, सुनेचे बाळंतपण होते, छप्पर शाकारले जाते.

पाट साफ करायच्या दिवशी घरटी एक माणूस खोरे घेऊन आला होता. इशेनालीचा मुलगा मेदेर गुडघाभर चिखलात उतरला होता. सून जिबेक सगळ्यांना चहा ओतत होती. इशेनाली काठावर बसून पाटातून निघालेली मुळे वेगळी करत होता. खोरे त्याच्या हातात कधी नीट बसलेच नव्हते.

"काय म्हणतोय तो फोन?" सारसेनने विचारले. गावातला सर्वांत म्हातारा तोच. "काल टेकडीवर गेलेल्यांना काहीतरी आलंय म्हणतात."

गावात सिग्नल नव्हता. काळ्या टेकडीवर चढले तरच फोनला जीव यायचा.

जिबेकने ओले हात पुसून फोन काढला. "वाचते. 'अर्चाबुलाक पाटाचा वरचा दरवाजा दहा वर्षांकरता वरच्या सफरचंदबागेच्या व्यवस्थेकडे सोपवावा, यास आपली संमती आहे काय?' खाली दोन चौकोन आहेत. एक हिरवा, एक लाल."

खोरी थांबली.

"लाल दाबला तर कुणी दाबला ते दिसतं?"

"तोलेगेन बाइकेंना दिसणार. ते गावप्रमुख ना."

माणसे एकमेकांच्या खोऱ्यांकडे बघू लागली. तोलेगेन परका थोडाच होता! कुणाच्या आईला त्याने रात्री-अपरात्री आपल्या गाडीतून दवाखान्यात पोचवले होते, कुणाच्या पोराला शाळेत जागा मिळवून दिली होती. ग्रंथालयाच्या छपराचे पत्रे त्यानेच टाकले होते. बागेचा मालक त्याचा व्याही. अशा माणसाच्या तोंडावर नाही कसे म्हणणार?

तोंडावर नाही म्हणायची रीत गावात नव्हतीच. काही ठरवायचे झाले की सगळे पाटाकाठच्या चिनारांखाली बसत. सारसेन तळवे उघडून आशीर्वाद मागे. ज्याला मान्य असे तो तळवे उघडी आणि तोंडावरून फिरवी. ज्याला मान्य नसे त्याचे हात गुडघ्यांवरच राहत. कोणाचे राहिले हे कोणी पाहत नसे आणि सगळ्यांना दिसत असे. गुडघ्यांवर हात जास्त झाले की चहा येई आणि विषय पुढच्या खेपेवर जाई. हे चिनार तोडायचे एकदा घाटत होते, ते असेच राहिले.

"अगाय, तुम्ही सांगा," कुबात म्हणाला. "कागदाचं तुम्हाला कळतं."

सगळे वळून बघू लागले. चाळीस वर्षे इशेनालीने पुस्तकांवर शिक्के मारले होते. इतक्या माणसांनी मिळून त्याला एक प्रश्न विचारावा असे कधी घडले नव्हते.

"काही दाबू नका," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हात गुडघ्यांवर ठेवा. तिथं आपली अक्मराल बसलेली आहे. आपण गप्प राहिलो म्हणजे काय, ते तिला कळतं."

"वा! पुस्तक बोललं रे!" कुबातने खोरे आपटले. सगळे हसले. त्या हसण्यात टिंगल नव्हती.

"अताके," जिबेक सासऱ्याला हळूच म्हणाली, "खाली अजून बारीक अक्षरात बरंच आहे."

"बारीक अक्षरं वकिलांसाठी असतात, पोरी. तू चहा ओत," सारसेन म्हणाला.

जिबेकने फोन परत ओढणीत खोचला. इशेनालीने तिचे ऐकले होते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचल्याशिवाय न सोडणारा तो माणूस, पण त्या वेळी 'आण इकडे' म्हणाला नाही. तीन दिवस तो त्या हसण्याच्या उबेत होता.

जुलैत घेवडा फुलावर आला. आता दोन पाण्यांचे काम. पहिले चुकले तर फूल गळते, दुसरे चुकले तर शेंग पोचट राहते. नवव्या दिवशी त्यांची पाळी होती. मेदेरने पहाटे पाचलाच विजारीचे पाय गुंडाळले आणि दारे धरायला शेतात जाऊन उभा राहिला. जिबेक तणाला वाकली होती. बुरुलचा बांधावर चहाची किटली घेऊन बसली होती. सऱ्यांची तोंडे खोऱ्याने उघडून मेदेर वाट पाहू लागला.

पाणी आले ते बोटभर. मातीच्या भेगांत शिरले, पहिल्या सरीत चार पावले चालले आणि थबकले. मग जिथे थांबले होते तिथेच मुरून गेले. चारीच्या तळाशी दोन बेडूक तोंडे उघडून बसले होते.

"कुबात बाइके झोपले काय?" जिबेक म्हणाली.

"बावीस वर्षांत एकदाही झोपला नाही तो," बुरुलचा म्हणाली. "जा, बघून ये."

मेदेर निघाला. इशेनाली त्याच्या मागून चालू लागला. का, ते त्यालाही सांगता आले नसते. चढ मोठा होता. उन्हाने दगड तापले होते. त्याच्या पोटऱ्या भरून आल्या, तरी तो थांबला नाही.

घळीत कुबात दरवाज्यापुढे उभा होता. गळ्यातली सुतळी काढून हातात घेतलेली, आणि किल्ली धरून तो नुसता बघत होता. चाक नव्हते. चाकाच्या जागी करड्या रंगाची पोलादी पेटी बसवली होती. वर सौरऊर्जेचे पॅनेल, आणि पेटीला किल्ली घालायची जागाच नव्हती. पलीकडे बागेकडे जाणारा नवा पाट काठोकाठ भरून वाहत होता. पाण्याचा आवाज आनंदी वाटावा इतका मोठा होता.

शेजारी बागेकडचा एक तरुण माणूस दुमडत्या खुर्चीवर बसला होता. स्वच्छ कोट, पायांत धूळ न लागलेले बूट. म्हाताऱ्याला पाहून तो चटकन उठला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "सलाम, अताके. बसा ना."

"आमचं पाणी," मेदेर म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आज आमची पाळी आहे."

"पाळ्या आता बागेकडून ठरतात. दर चौदा दिवसांनी तुम्हाला मिळेल."

"कुणी ठरवलं हे?"

"तुम्हीच," तरुण म्हणाला. तो चिडवत नव्हता. त्याला खरेच नवल वाटत होते. त्याने पाटीएवढा फोन काढून समोर धरला. "घरं तीनशे बारा. विरोध सात. संमती तीनशे पाच. इतकं एकमत मी आजवर कुठल्या गावात पाहिलं नाही."

कुबातने किल्ली मुठीत आवळली. "तीनशे पाच? कोण हे तीनशे पाच?"

"नावं आहेत. घर क्रमांक एकशे एकेचाळीस, इशेनाली मुकाशेव. संमती."

इशेनालीने आपले नाव पाहिले. त्याच्यापुढे हिरवी खूण होती. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. खूण हिरवीच होती.

"मी तर..." तो म्हणाला. "आम्ही कोणी हातसुद्धा लावला नाही."

"तेच तर, अताके. तीस दिवसांत ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांची संमती धरलीय. खाली लिहिलं होतं. बारीक अक्षरात असेल, पण लिहिलं होतं."

"आणि ते सात? लाल कुणी दाबला?"

तरुणाने बोटाने नावे सरकवली. "या सातांचे फोन मॉस्कोचे दिसतात. कामाला गेलेली मुलं असतील."

मेदेरने खोरे उचलले. उचलून पेटीकडे दोन पावले गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या हाताची शीर टरारली होती. तरुण मागे सरकला नाही. फक्त म्हणाला, "बाइके, वर कॅमेरा आहे." मेदेरने खोरे खाली टेकवले आणि त्याच्यावर भार देऊन उभा राहिला, जसे काही दमला म्हणूनच थांबला होता.

कुबात खाली बसला. त्याने सुतळी पुन्हा गळ्यात घातली, किल्ली सदऱ्याच्या आत सरकवली आणि वरून गुंडी लावली.

संध्याकाळी चिनारांखाली सगळे गाव जमले. तोलेगेन आला नाही. कोणी वाकून बूट बांधत होते, कोणी मातीत काडीने रेघा ओढत होते. जिथे मार लागलाय तिथे अजून दुखू लागले नाही, अशी ती वेळ.

"आपण हात गुडघ्यांवर ठेवले," सारसेन शेवटी म्हणाला, "आणि त्यांनी ते धरून वर केले."

"पुस्तकवाल्याचं ऐकलं आपण!" झूरा ओरडली. ती विधवा, तिचे शेत इशेनालीच्याही खाली. "माझं फूल गळतंय! सकाळी हातात घेतलं तर झडून आलं. तुमची अक्मराल कुठं आहे, अगाय? तिला कळतं म्हणालात ना?"

इशेनाली उभा राहिला. काहीतरी म्हणावे म्हणून त्याने तोंड उघडले. थोडा वेळ तसाच उभा राहून तो पुन्हा खाली बसला.

"बसा बसा," मागून कोणीतरी म्हणाले. "तुम्ही बोललात की आमचं पाणी जातं."

या वेळीही सगळे हसले. पण या हसण्यातली टिंगल त्याने ओळखली, आणि मेदेरनेही. मेदेर मान खाली घालून घराकडे निघून गेला.

इशेनालीला कोणी शिवी दिली नाही. फक्त पुस्तके परत यायला लागली. सकाळी तो फाटक उघडायला गेला तर खांबावर एक पुस्तक ठेवलेले असायचे. कोणी अकरा वर्षांपूर्वी नेलेले, कोणी बापाच्या हयातीत नेलेले. आठवडाभरात नऊ आली. तो ती आत आणायचा, फडक्याने पुसायचा. एकात वाळलेले घेवड्याचे फूल होते.

दहावे पुस्तक ठेवायला कपाट उघडले तेव्हा त्याने सातवा खंड काढला.

पहिले पान त्याला पाठ होते. मागच्या बाजूला अर्धे पान मजकूर होता. तोही त्याने दोन वर्षांपूर्वी वाचला होता. वाचून मनात 'छे, हे बरोबर नाही' असे म्हटले होते, आणि पत्र खंडात ठेवून दिले होते.

'माझे साहेब म्हणतात,' अक्मरालने लिहिले होते, 'जे उत्तर देणार नाहीत त्यांना मान्य आहे असे धरावे, नाहीतर कुठलेच काम पुढे सरकायचे नाही. मला नीट ठरवता येत नाही. आपल्याकडच्या माणसांना हे चालेल का? तुमच्यावर सोडते. तुमचे उत्तर आले नाही, तर तुम्हाला पटले असे मी समजेन.'

तो तसाच जमिनीवर बसून राहिला. बुरुलचा दूध काढून आत आली. त्याचा चेहरा पाहून तिने बादली उंबऱ्यावरच ठेवली.

"कोण गेलं?"

त्याने पत्र तिच्यापुढे केले. ती अक्षर अक्षर लावून वाचत गेली. वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी घातली.

"म्हणजे पहिला हो तुमचा," ती म्हणाली.

"मी नाही म्हणालो होतो. मनात."

"मनात!" बुरुलचा म्हणाली. मग बादली उचलून आत गेली आणि तिथून म्हणाली, "तुमच्या मनातलं मला चाळीस वर्षांत दिसलं नाही. त्या पोरीला बिश्केकहून दिसणार होय?"

बारीक अक्षरे जिबेकने वाचून काढली. टेकडीवर बसून, मूल पाठीला बांधून, दोन दिवस. निर्णय अमलात आल्यापासून तीस दिवसांत निम्म्याहून जास्त घरांनी हरकत घेतली तर निर्णय पुन्हा विचारात घेता येतो, असे शेवटून दुसऱ्या कलमात होते. हरकत मात्र घरप्रमुखाने स्वतः, आपल्या अंगठ्याने द्यायची. तीनशे बारा घरांचे निम्मे म्हणजे एकशे छप्पन. आणखी एक हवे.

ही बातमी तोलेगेनलाही कळली. त्याने कोणाला धमकावले नाही. टेकडीच्या पायथ्याशी, जिथून वाट वर जाते, तिथे त्याने गालिचा अंथरला. चहाचा समोवार मांडला, ताजी रोटी, साय, जर्दाळूचा मुरंबा. आणि स्वतः टोपी नीट करून बसला. जो येईल त्याला म्हणायचा, "या, चहा घ्या. ऊन फार आहे."

चहाला नको कोण म्हणणार? माणसे बसत. तोलेगेन पोराबाळांची चौकशी करी, दरवाज्याचे नावही काढत नसे. ज्याची रोटी मोडली त्याच्या डोक्यावरून चढून जाऊन त्याच्याच विरुद्ध अंगठा उमटवायचा? माणसे चहा पीत, त्याला दुवा देत आणि घरी परत जात. पहिल्या दिवशी साठ माणसे निघाली, वर अकरा पोचली. दुसऱ्या दिवशी सहा. कुबात दोनदा गेला आणि दोनदा चहा पिऊन आला.

"मी काय करू?" तो इशेनालीच्या अंगणात येऊन म्हणाला. त्या घटनेनंतर त्यांच्या अंगणात आलेला तो पहिलाच. "माझ्या आईच्या मयताच्या जेवणाला त्यानं घोडं कापलं होतं. त्याच्या हातची चहाची वाटी मी कशी परत करू?"

पाचव्या दिवशी इशेनालीने चांगला सदरा घातला आणि डोक्यावर पांढरी कलपाक टोपी चढवली. बुरुलचाने विचारले नाही. तिने फक्त ओढणी बदलली. जिबेकने एका वाटीत साय घेतली.

"ती कशाला?" सासूने विचारले.

"अपा, वर गेलेल्यांचे अंगठे फोन ओळखत नाही. खोऱ्यानं झिजलेत. साय चोळली की रेषा वर येतात."

ते निघालेले पाहून झूरा बाहेर आली आणि काही न बोलता मागून चालू लागली. मग कुबात आला. सारसेनला गाढवावर बसवून त्याचा नातू घेऊन आला. वाटेत आणखी माणसे सामील झाली, पण सगळी मागे. पुढे इशेनाली एकटा.

"या अगाय!" तोलेगेन गालिच्यावरून उठला. त्याने दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. "किती दिवसांनी! बसा. तुमच्यासाठी दूध जास्त घातलंय."

वाटीतून वाफ येत होती. इशेनालीला ते छपराचे पत्रे आठवले. त्या वर्षी पावसाने कवितेचे पूर्ण एक कपाट भिजले होते. तोलेगेन स्वतः शिडीवर चढला होता आणि खिळे त्याने तोंडात धरले होते. इशेनालीचे हात आपोआप वर येऊ लागले. त्याने ते परत खाली नेले.

"नको, तोलेगेन," तो म्हणाला.

"अं?"

"चहा नको. मी वर नाही म्हणायला चाललोय. आधी तुला तोंडावर सांगतो. नाही."

तोलेगेनच्या हातातली वाटी कलली. चहा त्याच्या बोटांवर सांडला तरी त्याने हात हलवला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समोर एखादे जनावर माणसासारखे बोलावे तसा तो बघत होता.

"तुम्हीसुद्धा, अगाय?"

इशेनाली गालिच्याला वळसा घालून वाटेला लागला. मागे कोणी येते आहे की नाही हे बघायची त्याची छाती नव्हती. मग त्याला गाढवाच्या खुरांचा आवाज ऐकू आला, आणि झूराचा, "नको हो बाइके, मलाही नको."

टेकडीवर रांग लागली. इशेनालीचा अंगठा फोनने पहिल्याच खेपेला ओळखला. तो मऊ होता, पुस्तकाचा अंगठा. त्याला त्याची लाज वाटली. कुबातचा अंगठा सायीत बुडवून चारदा लावावा लागला. सारसेनचा तर सातदा. झूराने लाल चौकोन दाबला आणि फोन हातातच धरून रडायला लागली. "आयुष्यात कुणाला असं म्हणाले नव्हते ग," ती बुरुलचाला म्हणाली. बुरुलचाने तिचे सायीचे बोट आपल्या ओढणीला पुसले.

ते तीन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा एकशे एकोणसत्तर झाला. टेकडीवर आरडाओरडा झाला. कोणीतरी इशेनालीची टोपी उडवली, कोणीतरी त्याला मिठी मारली. खाली पायथ्याशी गालिचा नव्हता.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

"वाच," मेदेर जिबेकला म्हणाला.

"'आपल्या गावाची हरकत मिळाली. आपल्या सहभागाबद्दल आभार. तीस दिवसांत या कचेरीचे उत्तर न आल्यास...'" ती थांबली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "'...उत्तर न आल्यास हरकत फेटाळली असे समजावे.'"

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचले. वारा सुटला होता. वरून सगळी शिवारे दिसत होती. पाटाच्या डोक्याकडची हिरवी, शेपटाकडची पिवळी पडत चाललेली. त्यांच्या शेताचा खालचा तुकडा तर मातीच्याच रंगाचा झाला होता.

सारसेन गाढवावरून वाकला. "नीट सांग, पोरी. आपण गप्प बसलो तर हो. आणि ते गप्प बसले तर नाही?"

"हो, अताके."

म्हाताऱ्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. माणसे एकेक करून उतरू लागली. इशेनालीची टोपी खाली पडली होती, ती कुबातने उचलून झटकून त्याच्या हातात दिली.

घरी आल्यावर तो कागद घेऊन बसला. या खेपेला उत्तर लांबले नाही.

'अक्मराल,

तू विचारले होतेस, आपल्याकडे माणसे नाही कशी म्हणतात. ती म्हणत नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवतात. मी तुला उत्तर दिले नाही, ते माझे नाही होते. तुला ते दिसले नाही यात तुझी चूक नाही. मी ते दाखवलेच नाही. आता गावातल्या एकशे एकोणसत्तर घरांनी अंगठ्याला साय लावून नाही म्हटले आहे. सारसेनने सातदा म्हटले. तुमची कचेरी गप्प राहिली तर ते पुसले जाईल. म्हणून मी हे लिहून देतो. नाही. तीस दिवसांतला पहिला दिवस आज. तू तरी गप्प राहू नकोस.

तुझा अगाय, इशेनाली.'

त्याने ते बुरुलचाला वाचायला दिले. तिने अक्षर अक्षर लावले.

"'साय' काढा," ती म्हणाली. "हसतील."

"हसू देत."

दुसऱ्या दिवशी तो अकरा किलोमीटरवरच्या पोस्टात गेला. खिडकीतली बाई जाड काचांच्या चष्म्यातून पत्ता वाचू लागली.

"जुना पत्ता दिसतोय. कधीचा?"

"दोन वर्षांपूर्वीचा."

"मग ती अजून तिथंच असेल कशावरून? कचेऱ्यांत माणसं बदलतात, अगाय."

हे त्याच्या मनात आलेच नव्हते. तो खिडकीच्या फळीला धरून उभा राहिला. दोन वर्षे त्याच्या मनात ती मुलगी एकाच खुर्चीवर, चुलीजवळ बसल्यासारखी, उत्तराची वाट बघत बसलेली होती.

मागे एक माणूस खोकला.

"काय करू?" बाईने विचारले. "ठेवू का परत?"

"नाही," इशेनाली म्हणाला. "पाठवा. पोचपावतीसकट पाठवा. ती नसेल तर तिच्या खुर्चीवर जो असेल त्याची सही आणा."

बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिले. मग तिकीट चिकटवले, शिक्का शाईत दाबला आणि पाकिटावर मारला. तो आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. पाकीट तिने मागच्या पोत्यात टाकले.

"पुढे या," ती मागच्या माणसाला म्हणाली.